घडीचा जर्मन कॅमेरा: निवड, तपासणी आणि पहिला रोल

बंद असताना हा कॅमेरा जाड डायरीएवढा दिसतो. बटण दाबलं की पुढची झडप उघडते, भात्यासकट लेन्स बाहेर येते आणि जागेवर अडकते. आत १२० चा रोल, म्हणजे मागे कागद लावलेली रुंद फिल्म. ३५ मिलिमीटरच्या रोलवरची चौकट २४ बाय ३६ मिलिमीटरची असते. इथे ६ बाय ६ म्हणतात ती चौकट प्रत्यक्षात सुमारे ५६ मिलिमीटर चौरस भरते. म्हणजे क्षेत्रफळ साडेतीन पट, आणि ६ बाय ९ ची नेगेटिव्ह घेतली तर पाच पटींहून जास्त. एवढी मोठी नेगेटिव्ह देणारा आणि तरीही कोटाच्या खिशात मावणारा यांत्रिक कॅमेरा दुसरा सहसा मिळत नाही. दोन लेन्सांचा रोलायफ्लेक्स देखणा खराच, पण तो गळ्यातच वागवावा लागतो.

ज्यांना असा कॅमेरा घ्यायचाय, किंवा आजोबांच्या कपाटात सापडलाय पण हात लावायची भीती वाटते, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझं मत आधीच सांगून टाकतो: नाव आणि लेन्स यांच्यामागे धावू नका, कॅमेऱ्याची तब्येत बघा. भोकं पडलेल्या भात्याच्या महागड्या मॉडेलपेक्षा धडधाकट साधा नेटार (झाइस इकॉन कंपनीचं खालच्या पायरीचं मॉडेल) नवशिक्याला कितीतरी जास्त शिकवतो. दुसरं म्हणजे, या कॅमेऱ्यात सगळी मेख क्रमात आहे. कोणती गोष्ट आधी आणि कोणती नंतर, हे हाताला बसलं की बाकी अवघड काही नाही.

हे कॅमेरे आले कुठून

१९२६ साली इका, एर्नेमान, गोएर्झ आणि काँटेसा-नेटेल या कंपन्या एकत्र आल्या आणि ड्रेस्डेनला झाइस इकॉन उभी राहिली. तिचा इकोंटा १९२९ चा. त्याआधीच्या बहुतेक घडीच्या कॅमेऱ्यांत लेन्स हाताने धरून रुळांवरून पुढे ओढावी लागे. इकोंटात झडप उघडली की ती आपोआप उभी राहू लागली. १९३४ मध्ये सुपर इकोंटा आला, त्यात अंतर मोजणारा रेंजफाइंडर फोकसला जोडलेला होता. ब्राउनश्वाइगच्या फोइग्टलेंडरने बेसा काढला, म्युनिकच्या आगफाने इसोलेट. महायुद्धानंतर झाइस इकॉनचे दोन तुकडे झाले. पश्चिमेकडचा कारभार स्टुटगार्टहून चालू लागला आणि युद्धानंतरचे इकोंटा, नेटार तिथलेच. आज बाजारात फिरणारे बरेचसे नग साधारण १९४८ ते १९५८ या दहा वर्षांतले आहेत. काहींच्या चामड्यावर ‘जर्मनी, यूएस झोन’ असा ठसा दिसतो, तो युद्धानंतरच्या पहिल्या काही वर्षांचा. १९५० चं दशक सरता सरता ३५ मिलिमीटरने हा प्रकार मागे टाकला.

कोणता घ्यावा

झाइस इकॉनची उतरंड सरळ आहे. खाली नेटार, मध्ये इकोंटा, वर सुपर इकोंटा. चामड्यावर दाबलेला आकडा वाचायला शिका: शेवटी /१६ असेल तर चौकट ६ बाय ६ ची, /२ असेल तर ६ बाय ९ ची. ५१८/१६ म्हणजे चौरस चित्र देणारा नेटार, ५२१/१६ म्हणजे तसाच इकोंटा. नेटारवर बहुधा नोव्हार लेन्स असते, तीन काचांची. इकोंटावर नोव्हारही मिळते आणि टेसारही. टेसार चार काचांची. पाउल रुडोल्फने येनाच्या कार्ल झाइससाठी ती १९०२ मध्ये तयार केली. तीन काचांची लेन्स पूर्ण उघडली की कोपरे मऊ पडतात. पण एफ ८ किंवा एफ ११ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र (अॅपर्चर) लहान केल्यावर, दोन्हींत फरक दाखवा म्हटलं तर भिंग घेऊन बसावं लागेल, आणि या कॅमेऱ्याने आपण बहुतेक वेळा एफ ८ ते एफ १६ मध्येच काम करतो. म्हणून टेसारसाठी दुप्पट पैसे मोजायची घाई नको.

आगफाच्या इसोलेटमध्ये अग्नार आणि अपोटार या तीन काचांच्या, सोलिनार ही चार काचांची. कॅमेरा सुबक आणि हलका, स्पूल (फिल्म गुंडाळायची रीळ) बसवायचे आतले पाळणे बाहेर वळतात म्हणून रोल भरायला फार सोपा. पण दोन दुखणी त्याच्या जन्माबरोबरची आहेत. एक, भात्याचं कृत्रिम कापड घड्यांच्या कोपऱ्यांवर चिरतं. दोन, फोकसच्या आट्यांत घातलेलं हिरवट ग्रीस दशकांनंतर लाखेसारखं घट्ट होतं आणि रिंग हलतच नाही. दोन्हींवर इलाज आहेत. पण विकणारा ‘एकदम वर्किंग’ म्हणत असेल तरी इसोलेटच्या बाबतीत भाता फुटका आहे असं धरूनच भाव करा.

फोइग्टलेंडरचे भाते सहसा जास्त टिकाऊ निघतात. ६ बाय ६ साठी पर्केओ, ६ बाय ९ साठी बेसा. कलर-स्कोपार लेन्स लावलेला पर्केओ मिळाला तर मी बाकी यादी बाजूला ठेवीन: लहान, घट्ट, आणि लेन्सची चौकट न डुगडुगणारी. बेसा दोनवरच्या हेलिआर आणि अपो-लँथार लेन्सांच्या किमती संग्राहकांनी कधीच हाताबाहेर नेल्यात, तिकडे बघूही नका. बायरॉइटचा फ्रांका सोलिडा, बाल्डाचे बाल्डॅक्स, फ्रायटालचा वेल्टा, ड्रेस्डेनचा सर्टो सिक्स हीसुद्धा चांगली घराणी. नाव कमी ऐकलेलं म्हणून भाव बरा मिळतो.

पहिला कॅमेरा रेंजफाइंडरवाला नसला तरी चालतो, किंबहुना नसलेलाच बरा. रेंजफाइंडर म्हणजे आरसे, काचा, दांडे, आणि सत्तर वर्षांत बिघडायला आणखी एक जागा. अंतर डोळ्याने ओळखणं ही सवयीची गोष्ट आहे, त्याबद्दल पुढे येतंच.

काय टाळायचं तेही सांगतो. मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात भात्याचे कॅमेरे एकाच ढिगात पडलेले असतात, आणि त्यातले कितीतरी १२० चे नसतात. फोइग्टलेंडरचा आवुस किंवा झाइसचा मॅक्सिमार दिसायला भारदस्त, पण ते काचेच्या प्लेटचे कॅमेरे; मागे रोलला जागाच नाही. स्टुटगार्टच्या कोडॅक कारखान्यातले काही सुंदर घडीचे कॅमेरे ६२० रोलचे आहेत. त्यातली फिल्म १२० एवढ्याच रुंदीची, पण स्पूल बारीक, त्यामुळे आजचा रोल थेट बसत नाही. अंधारात दुसऱ्या स्पूलवर गुंडाळून घ्यावा लागतो. नवशिक्याला हा उपद्व्याप कशाला? मागचं दार उघडा. एका बाजूला रिकामा स्पूल, दाराला लाल खिडकी, आणि दारावर किंवा आत १२० किंवा बी-दोन असा आकडा दिसला की तुम्ही बरोबर जागी आहात. बी-दोन हे आगफाने १२० लाच दिलेलं नाव. आपल्याकडे घरोघरी असलेला आगफा क्लिक-३ हासुद्धा १२० वरच चालायचा, पण तो डबा कॅमेरा. त्याच्याकडून या लेखातल्या गोष्टींची अपेक्षा करू नका.

विकत घेण्याआधीची तपासणी

खिशात एक छोटी एलईडी टॉर्च न्या.

आधी कॅमेरा बंद असताना बघा. झडप सगळीकडून सपाट बसते का, की एका कोपऱ्यात उचलली आहे? पडलेल्या कॅमेऱ्याची पहिली खूण तिथेच दिसते. मग उघडा, पण हाताचा आधार देऊन, सावकाश. लेन्सची चौकट खट्‌ असा स्पष्ट आवाज करून अडकली पाहिजे. बोटांनी हलकेच पुढे-मागे हलवून पाहा. केसभर हालचाल चालते, खुळखुळ नको. वरून आणि बाजूने बघा, लेन्सचं तोंड बॉडीला समांतर आहे का. हे समांतर असणं लेन्सच्या नावापेक्षा महत्त्वाचं. एक पाय वाकलेल्या कॅमेऱ्यात टेसारसुद्धा अर्धंच चित्र रेखीव देणार.

आता भाता. मागचं दार उघडून टॉर्च आत धरा आणि अंधाऱ्या जागेत बाहेरून बघा. दुकानात अंधार नसेल तर दुकानदाराचं एखादं फडकं डोक्यावर घ्या, लाजू नका. घड्यांचे कोपरे एकेक करून पाहा, टॉर्च फिरवत राहा. चांदण्या दिसल्या तर मोजा. दोन-चार बारीक भोकं काळ्या फॅब्रिक पेंटचे पातळ हात देऊन बुजवता येतात. वाळल्यावर टाल्कम पावडरचा हलका हात फिरवायचा, म्हणजे घड्या चिकटत नाहीत. सगळेच कोपरे गेले असतील तर नवा भाता हाच उपाय, आणि त्याचा खर्च किमतीतून वजा करा.

शटर वाजवून बघा. कॉम्पुर म्युनिकच्या डेकेलचं, प्रोंटर काल्मबाखच्या गाउथियरचं. दोन्ही उत्तम आणि दोन्ही म्हातारी. वेग १ सेकंदावर ठेवा, चाप (शटर ताणायचा दांडा) ओढा, सोडा. घड्याळासारखी सलग घरघर यायला हवी. मध्येच अडकली, किंवा पाती अर्धी उघडी राहिली, तर आतलं तेल गोंद झालंय. साफसफाईने हे बरं होतं, पण करणारा माणूस जाणता हवा. १/२५ पासून वरचे वेग ठीक असतील आणि फक्त सावकाशीचे वेग अडकत असतील, तर पहिल्या वर्षात तुमचं फारसं अडणार नाही. सेल्फ टायमरच्या दांड्याला मात्र हात लावू नका. जुन्या शटरमध्ये तो अडकला की अख्खं शटर घेऊन बसतो.

एक गोष्ट नवे लोक दोष समजतात: वरचं बटण दाबलं तरी शटर सुटत नाही. बऱ्याच मॉडेलमध्ये एकाच चौकटीवर दोनदा फोटो पडू नये म्हणून फिल्म पुढे सरकल्याशिवाय बटण अडवलेलं असतं. रोल नसताना ते अडकलेलंच राहणार. लेन्सच्या कडेला शटरचा स्वतःचा छोटा दांडा असतो, तो सरकवून तपासा.

लेन्समधून टॉर्चकडे आरपार बघा. त्यासाठी शटर ‘बी’वर (दाबून धरेपर्यंत शटर उघडं राहतं ती खूण) धरून उघडं ठेवावं लागेल. बारीक ओरखडे आणि धुळीचे कण यांनी चित्राला फारसं काही होत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी दिसली तर ती बुरशी, आणि आपल्या दमट हवेत, विशेषतः मुंबई-कोकणात, ती हमखास असते. काठावर असेल तर चालवून घ्या. मधोमध असेल, किंवा काच एकसारखी दुधाळ झाली असेल, तर सोडून द्या. युद्धाआधीच्या बहुतेक लेन्सांवर लेप (काचेवरची चमक कमी करणारा पातळ थर) नसतो. नंतरच्यांवर निळसर-जांभळी झाक दिसते, आणि झाइसच्या काही लेन्सांवर लेपाची खूण म्हणून लाल ‘टी’ कोरलेला असतो. उन्हात काम करायचं असेल तर लेपवाली घ्यावी.

शेवटी फोकसची रिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरते का ते बघा. घट्ट असेल तर जोर लावू नका. पक्कड तर नाहीच.

घरी आल्यावर: अनंताची परीक्षा

रोल भरण्याआधी ही एक परीक्षा न चुकता घ्या. समोरची काच फिरवून फोकस करणाऱ्या कॅमेऱ्यांत मधल्या काळात कुणी लेन्स खोलून परत बसवताना एक आटा चुकवलेला असतो, आणि मग रिंगवरचे सगळे आकडे खोटे ठरतात.

मागचं दार उघडा. चौकटीच्या वर-खाली रुळांच्या दोन जोड्या दिसतील. बाहेरच्या जोडीवर दाबपट्टी टेकते, आतल्या जोडीवर फिल्म. आतल्या जोडीवर ट्रेसिंग पेपरचा ताणलेला तुकडा किंवा धुरकट चिकटपट्टी लावा. अॅपर्चर पूर्ण उघडा. शटर ‘बी’वर ठेवून अडकणाऱ्या केबल रिलीजने (शटरला जोडायची, दाबून अडकवता येणारी तार) उघडं धरा. रिंग आडव्या आठच्या खुणेवर, म्हणजे अनंतावर ठेवा आणि निदान अर्ध्या किलोमीटरवरच्या मोबाइल टॉवरकडे किंवा डोंगरकड्याकडे तोंड करा. डोक्यावर काळं कापड घेऊन कागदावरचं उलटं चित्र भिंगातून बघा. टॉवरच्या सळ्या तिथेच सर्वांत रेखीव दिसल्या तर काळजी मिटली. रिंग थोडी मागे-पुढे केल्यावर जास्त रेखीव होत असतील तर लेन्स जुळवून घ्यावी लागेल. रिंगच्या कडेचे तीन बारीक स्क्रू सैल करून ती योग्य जागी फिरवून पुन्हा घट्ट करायची, एवढंच काम असतं. पण बारीक स्क्रूड्रायव्हरची सवय नसेल तर दुरुस्ती करणाऱ्याकडे न्या. आता एक मीटर-टेपने दोन मीटर मोजून त्या अंतरावर वर्तमानपत्र टांगा आणि तीही खूण तपासा. रिंगवर आकडे मीटरचे आहेत की फुटांचे, हे याच वेळी नीट बघून ठेवा. भारतात दोन्ही प्रकार सापडतात, आणि १० फूट म्हणजे १० मीटर समजून काढलेला अख्खा रोल वाया जातो.

रोल भरणे

सावलीत भरा. उन्हात असाल तर निदान स्वतःच्या अंगाची सावली करा.

रिकामा स्पूल गुंडाळायच्या बाजूला हवा. बहुधा ती उजवी, जिथे वर फिरवायची चावी असते. नवा रोल दुसऱ्या बाजूला. चिकटवलेली पट्टी फाडा, कागदाची जीभ ओढा आणि रिकाम्या स्पूलच्या फटीत सरळ घाला. रंगीत किंवा छापलेली बाजू बाहेर, म्हणजे तुमच्याकडे. काळी बाजू लेन्सकडे. चावी दोन-तीनदा फिरवून कागद सरळ गुंडाळला जातोय का ते बघा. तिरका गेला तर आत्ताच काढून पुन्हा लावा, नंतर उपाय नाही. या वेळी दुसऱ्या बाजूच्या रोलवर अंगठा हलका दाबून धरा, म्हणजे तो सैल सुटत नाही. सैल गुंडाळलेल्या रोलच्या कडेने उजेड आत शिरतो.

दार लावा, खट्‌ वाजेपर्यंत. आता लाल खिडकीचं झाकण सरकवून चावी सावकाश फिरवा. आधी बाण, ठिपके किंवा हाताची खूण येते, मग १ चा आकडा. तो मधोमध आला की थांबा आणि खिडकी झाका.

ही खिडकी लालच का? हे कॅमेरे बनू लागले तेव्हा बहुतेक फिल्मांना लाल प्रकाश दिसतच नसे. आजच्या फिल्मला सगळे रंग दिसतात. म्हणून खिडकी फक्त चावी फिरवतानाच उघडायची, तीही सावलीत, आणि ४०० आयएसओच्या, म्हणजे उजेड पटकन पकडणाऱ्या, फिल्मला तर फारच जपून.

१२० च्या मागच्या कागदावर आकड्यांच्या तीन रांगा असतात: ६ बाय ९ साठी ८ चित्रं, ६ बाय ६ साठी १२, आणि ६ बाय साडेचार साठी १६. खिडकी योग्य रांगेसमोरच असते, त्यामुळे सहसा विचार करावा लागत नाही. दोन अपवाद आहेत. सुरुवातीच्या लहान इकोंटांसारख्या ६ बाय साडेचारच्या कॅमेऱ्यांना दोन लाल खिडक्या असतात. तिथे १ हा आकडा आधी पहिल्या खिडकीत आणून एक फोटो, मग तोच १ दुसऱ्या खिडकीत आणून दुसरा, असं करत ८ पर्यंत जायचं. आणि ६ बाय ९ च्या काही कॅमेऱ्यांबरोबर लहान चौकटीसाठी पत्र्याचा मास्क मिळायचा. तो हरवलेला असेल तर जास्तीच्या खिडकीकडे ढुंकूनही बघू नका. सुपर इकोंटा ५३२/१६ ची गंमत वेगळीच: १ खिडकीत आणून काउंटर १ वर लावायचा, पुढे फिल्म आपोआप थांबते, पण १२ च्या रोलवर चित्रं ११ च मिळतात. तो बिघाड नाही, बनावटच तशी आहे.

फोटो काढण्याचा क्रम

हा क्रम पाठ होऊ द्या. उघडा, सावकाश. मग फिल्म पुढच्या आकड्यावर न्या. मग अंतर, अॅपर्चर, वेग. मग चाप ओढा. मग बटण.

फिल्म उघडल्यानंतर का सरकवायची? भाता झटक्यात पसरला की आत हवा कमी पडते आणि फिल्म पुढे खेचली जाते, तिला फुगवटा येतो. उघडल्यावर चावी फिरवली की ती पुन्हा ताणून सपाट बसते. म्हणून फोटो काढल्यावर लगेच फिल्म पुढे नेऊन कॅमेरा घडी करून ठेवण्याची सवय या कॅमेऱ्याला मानवत नाही. मात्र त्यामुळे ‘मघाशी सरकवली होती का?’ हा प्रश्न छळतो. काही मॉडेलमध्ये बटणाजवळ लाल खूण दिसते, बाकीच्यांत स्वतःचा नियम पक्का हवा: फोटोच्या आधी सरकवायची, नंतर कधीच नाही.

वेग चाप ओढण्याआधीच लावा. कॉम्पुर-रॅपिडसारख्या शटरमध्ये सर्वांत वरच्या वेगाला जास्तीची स्प्रिंग लागते. चाप ओढल्यावर तिकडे वळवायला गेलात तर यंत्रणा मोडू शकते.

उजेडासाठी ‘सनी सिक्स्टीन’चा नियम पुरतो. स्वच्छ उन्हात एफ १६, आणि वेग फिल्मच्या आयएसओएवढा: १०० च्या फिल्मला १/१००. हलकं ढगाळ असेल तर एफ ११, ढगाळ असेल तर एफ ८, दाट पावसाळी आभाळ असेल तर एफ ५.६. शंका असेल तिथे फोनवरचं लाइट मीटर अॅप वापरा. कॅमेऱ्यावरच सेलेनियमचा मीटर असेल तर त्याच्यावर विसंबू नका, बहुतेक केव्हाच थकलेत. एक अडचण मात्र ध्यानात घ्या. साध्या शटरांचा सर्वांत वरचा वेग १/२०० किंवा १/३०० असतो. मे महिन्याच्या उन्हात ४०० ची फिल्म घातलीत तर १/२०० ला एफ २२ वर जावं लागेल. उन्हाळ्यात १०० ते २०० ची, पावसाळ्यात ४०० ची, असं धोरण ठेवा. इलफर्डची एफपी-४ किंवा फोमापान १०० कृष्णधवलसाठी, कोडॅक गोल्ड २०० रंगीतसाठी. स्लाइड फिल्म पहिल्या रोलला नको. म्हातारं शटर बहुधा सावकाश चालतं, जास्तीचा उजेड नेगेटिव्ह फिल्म पोटात घालते, स्लाइड घालत नाही.

अंतराचं काय? नेटार आणि इकोंटाच्या रिंगांवर तुम्हाला लाल ठिपके दिसतील, एक १० मीटरच्या आसपास आणि एक एफ ८ व ११ च्या मध्ये. ही जर्मन कारखान्याने करून दिलेली सोय आहे. ७५ मिलिमीटरची लेन्स एफ ११ ला १० मीटरवर ठेवली की साधारण ५ मीटरपासून अनंतापर्यंत सगळं नीट येतं. १०५ मिलिमीटरच्या ६ बाय ९ साठी हेच साधायला एफ १६ लागेल. वाडा, घाट, बाजारपेठ, डोंगर, सगळं यात बसतं. रिंगला हात लावायची गरज नाही. माणसाचा जवळून फोटो घ्यायचा असेल तेव्हाच अंतर नेमकं लागतं. त्यासाठी घरात सराव करा: दारापासून खिडकी किती, सोफ्यापासून टीव्ही किती, आधी बोलायचं आणि मग टेपने मोजायचं. थोड्याच दिवसांत दीड ते तीन मीटरमधला अंदाज आश्चर्य वाटावं इतका जुळू लागतो. तेही नको असेल तर वरच्या खाचेत बसणारा सुटा रेंजफाइंडर मिळतो.

कॅमेरा धरताना डाव्या हाताची बोटं भात्यावर येणार नाहीत इकडे लक्ष द्या. १/१०० पेक्षा सावकाश वेग हातात धरून वापरू नका. बटण झटक्याने नाही, दाबत दाबत न्या. व्ह्यूफाइंडर लेन्सच्या वर असतो, तेव्हा दोन मीटरच्या आत माणसाच्या डोक्यावर थोडी जास्त जागा सोडा. घडी घालताना फोकस आधी अनंतावर आणा आणि दोन्ही बाजूंचे दांडे एकाच वेळी आत दाबा. झडप अडली तर ढकलू नका, काहीतरी राहिलंय.

रोल संपल्यावर

शेवटच्या फोटोनंतर खिडकीत नुसता कागद दिसेपर्यंत आणि मग तोही संपेपर्यंत चावी फिरवत राहा. ताण एकदम सुटल्याचं हाताला कळतं. सावलीत उघडा, रोल सैल होऊ न देता टोक दुमडून चिकटवा. रिकामा झालेला स्पूल फेकू नका, तो आता दुसऱ्या बाजूला हलवायचा. पुढचा रोल त्यावरच गुंडाळला जाणार.

१२० धुणाऱ्या लॅब मुंबई-पुण्यात आहेत आणि कुरिअरने रोल घेतात. स्कॅन मागताना चौकट ६ बाय ६ आहे की ६ बाय ९, हे लिहून द्या. कृष्णधवल घरी धुणं अवघड नाही, फक्त आपल्या नळाचं पाणी उन्हाळ्यात ३० अंशांच्या वर जातं आणि बहुतेक डेव्हलपरचे तक्ते २० अंशांसाठी असतात. डेव्हलपरची बाटली बर्फाच्या पाण्याच्या पातेल्यात ठेवून तापमान उतरवा, मगच सुरुवात करा.

कॅमेरा ठेवताना त्याचं मूळ चामड्याचं कव्हर बाजूला काढा. दिसतं छान, पण ओलावा धरतं आणि लेन्सला बुरशी देतं. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून, शटरचा चाप ओढलेला नसताना, भाता मिटून ठेवा. जेलचा रंग बदलला की कढईत कोरडी भाजून परत वापरता येते.

पहिला रोल काय सांगतो

नेगेटिव्ह हातात आल्या की चित्रं चांगली आली का हे नंतर बघा. आधी कॅमेऱ्याचं निदान करा. जवळजवळ प्रत्येक चौकटीत त्याच जागी काळपट डाग (स्कॅनमध्ये तो पांढरट दिसतो) असेल, आणि उन्हातल्या फोटोंत तो जास्त असेल, तर भात्याला भोक आहे. पुन्हा टॉर्च घेऊन बसा. मधोमध गोलसर डाग, त्यात कागदावरच्या आकड्याची पुसट छाया, म्हणजे लाल खिडकी उघडी राहिली. काठ धुरकटलेले असतील तर रोल सैल गुंडाळला गेला किंवा उन्हात काढला गेला. चौकटी एकमेकींवर चढल्या असतील तर चावी फिरवताना आकडा चुकला. सगळ्याच नेगेटिव्ह फार काळ्या आल्या तर शटर सावकाश आहे. पुढच्या रोलला एक थांबा (स्टॉप) कमी, म्हणजे निम्मा उजेड द्या आणि जमलं तर शटर साफ करून घ्या. सर्व चौकटींत लांबचं धूसर आणि जवळचं रेखीव असेल तर अनंताची परीक्षा पुन्हा घ्यावी लागेल. उघड्या अॅपर्चरला चारही कोपरे मऊ असतील तर ती तीन काचांच्या लेन्सची रीतच आहे, एफ ११ ला जा. पण प्रत्येक फोटोत एकच बाजू मऊ आणि दुसरी रेखीव असेल तर लेन्सची चौकट वाकडी आहे. ती हाताने वाकवून सरळ करण्याचा मोह होईल. तसं न करता तीच नेगेटिव्ह बरोबर घेऊन कॅमेरा दुरुस्ती करणाऱ्याकडे द्या, म्हणजे कोणती बाजू पुढे आलीय ते त्याला पाहताक्षणी कळेल.